उर्मट विकणे आहे

आमच्या आत्याला समुद्राने कधी पाडलं नाही. पाडलं ते न्हाणीघरातल्या ओल्या फरशीने. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसला, आणि हाडांच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "चाला, जिने चढा, बाजारात जा. पण ती होडी आता विसरा. पुन्हा पडलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

"तुम्ही होडी बघितलीय का?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग तिच्याबद्दल नका बोलू. माझ्या खुब्याबद्दल बोला."

 घरी आल्यावर दारातून आत शिरताना म्हणाली, "विकायची. पण तो म्हणतो म्हणून नाही, कळलं का? एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने शीड ओढता येत नाही, हे मला त्याच्या आधीपासून माहीत आहे. आणि लाकडी होडी बांधून ठेवली की बसल्या जागी कुजते. माझ्या डोळ्यांदेखत ती कुजायला नको."

मी म्हटलं, "बरं." आत्याशी बोलताना हा शब्द फार उपयोगी पडतो.

आत्या गणिताची शिक्षिका होती. गावातल्या निम्म्या लोकांना तिने भूमिती शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना नापास केलं, असं लोक म्हणायचे. तिने लग्न केलं नाही. आमची आई लवकर गेली, बाबांची नोकरी फिरतीची, त्यामुळे दादाला आणि मला तिनेच वाढवलं. त्याच दिवसांत धक्क्यामागच्या चिखलात आडवी पडलेली, तळाच्या फळ्या निखळलेली एक शिडाची होडी तिने विकत घेतली. नाकापेक्षा मोती जड, असं शेजारीपाजारी म्हणाले. आत्या शाळेतून आली की साडीचा पदर खोचायची आणि फळ्या घासत बसायची. भेगांत कापूस ठोकायची, वरून राळ ओतायची. तिच्या बोटांना राळेचा वास लागला तो कायमचा.

शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला बोलावून घेतलं. शिक्षिकेने गुडघाभर चिखलात उभं राहून सुतारकाम करणं शोभत नाही, म्हणाल्या. आत्याने विचारलं, "शोभत नाही, की येत नाही?" त्यावर बाई भडकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार उर्मट आहात." त्या रविवारी आत्याने निळ्या रंगाचा डबा आणला आणि होडीच्या पुढच्या टोकावर दोन्ही बाजूंनी ठसठशीत अक्षरांत लिहून टाकलं: उर्मट.

मला होडी आवडायची. मी आत्याबरोबर जायचे, दोर गुंडाळायला शिकले, वाऱ्याकडे तोंड कधी करायचं आणि पाठ कधी, ते शिकले. दादा एकदाच आला. निघाल्यापासून परत येईपर्यंत ओकत राहिला, आणि धक्क्यावर पाय टेकताच म्हणाला, मी पुन्हा येणार नाही. तो शब्दाचा पक्का. पुन्हा आला नाही.

आता दादा विमा कंपनीत मोठा अधिकारी आहे. आत्या होडी विकणार हे कळताच त्याने गिऱ्हाईकही शोधून आणलं. किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलचा मालक. तो आत्याचाच विद्यार्थी निघाला.

"बाई, ओळखलंत का? तुम्ही मला दोनदा नापास केलं होतंत."

"म्हणजे तू दोनदा नापास झाला होतास," आत्या म्हणाली. "ये, होडी बघ."

आम्ही चौघं धक्क्यावर गेलो. आत्या काठी टेकत पुढे, आम्ही मागे. हॉटेलवाल्याने होडी बघितली ती धक्क्यावरूनच. आत उतरला नाही. खिशातून मोजपट्टी काढली आणि पट्टीचं एक टोक दादाच्या हातात दिलं. लांबी मोजली, रुंदी मोजली. मग मधल्या डोलकाठीकडे बोट करून म्हणाला, "ही काढावी लागेल. इथून कापली की बरोबर दोन भाग होतील."

"काय कापली की?" आत्याने विचारलं.

"होडी. पुढचा अर्धा भाग बागेत उभा करायचा, त्यात सरबतांचं काउंटर. मागचा अर्धा भाग आडवा, त्यात लहान मुलांना खेळायला रेती. लोक फोटो काढतील, बाई. तुमचं नावही लावू. पाटीच लावू, पितळेची."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. वर्गात एखाद्याने फळ्यावर भलतंच उत्तर लिहिलं की ती अशी बघायची.

"तुझ्या हॉटेलात पियानो आहे का?"

"आहे की."

"त्यात भांडी ठेवतोस?"

"नाही..."

"मग झालं. मोजपट्टी गुंडाळ आणि घरी जा."

हॉटेलवाला दादाकडे बघायला लागला. दादा आत्याकडे. घरी आल्यावर दोघांची चांगलीच जुंपली.

"आत्या, जरा व्यवहाराने वाग. आजकाल लाकडी होडी कोण घेतं? सगळे फायबरच्या मागे. कुणी दर्दी माणूस भेटला असता तर गोष्ट वेगळी. पण जर-तरला काही अर्थ नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर..."

तो मध्येच थांबला. समोर साक्षात आत्याबाई बसली होती.

"बोल की," आत्या म्हणाली. "तर मी तुझा काका झाले असते. आणि काकाला न विचारता तू त्याची होडी मोजायला माणूस आणला नसतास."

मला हसू आवरेना. दादा ताडकन उठून आपल्या खोलीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आत्याने माझ्याकडून एक फळी रंगवून घेतली. मजकूर तिने सांगितला, मी लिहिला. "उर्मट विकणे आहे. सगळ्यांना नाही." ती फळी आम्ही डोलकाठीला बांधली. धक्क्यावरचा रखवालदार वाचून म्हणाला, "बाई, असं लिहिलंत तर कोण येणार?"

"ज्याला 'सगळ्यांना' म्हणजे आपण नव्हे असं वाटेल, तो येईल."

आले की लोक. एक जोडपं आलं, त्यांना होडीवर लग्नाचे फोटो काढायचे होते आणि पुढचं पुढे बघू म्हणत होते. एक निवृत्त वकील आले, त्यांनी इंजिन कुठे बसवता येईल ते विचारलं. आत्याने त्यांना मोटारींच्या दुकानाचा पत्ता दिला. एक तरुण आला, त्याला जगप्रवास करायचा होता आणि पोहता येत नव्हतं. त्याला तिने चहा पाजला आणि पोहायला शिकून ये म्हणून सांगितलं. दादा रोज संध्याकाळी विचारायचा, "विकली का?" आणि विचारताना त्याच्या ओठांच्या कडेला हसू असायचं. मला ते हसू आवडत नव्हतं.

मग ती आली. सरकारी इस्पितळाची अँब्युलन्स चालवणारी बाई. चाळिशीची, केस आखूड कापलेले, दंड असे की स्ट्रेचरचं एक टोक ती एकटी उचलत असेल हे सांगावं लागू नये. मी औषधांच्या दुकानात काम करते, तिथे ती यायची, म्हणून तोंडओळख होती. ती समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकापलीकडच्या छोट्या बंदरात राहायची. बोर्ड वाचला आणि सरळ होडीत उतरली. कशालाही हात लावण्याआधी तिने चपला काढून धक्क्यावर ठेवल्या. आत्याच्या भुवया किंचित वर गेल्या.

"होडी चालवलीय कधी?"

"नाही."

"मग हवी कशाला?"

"दिवसभर मी भोंगा वाजवत फिरते, बाई. समोरची गाडी हटत नाही, मागे माणूस तळमळत असतो. मला असं काहीतरी चालवायचंय जे आवाज करत नाही. आणि जिथे कुणी मध्ये येत नाही."

"आवाज करते," आत्या म्हणाली. "आणि वारा मध्ये येतो. पण तो नियमाने येतो. उद्या सकाळी ये."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मी आठवण करून दिलं. आत्याने उत्तर म्हणून मला एक दोर आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती सुकाणूशेजारी बसली, कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक मागच्या खुंट्याला बांधून घेतलं आणि म्हणाली, "आता मी पडूच शकत नाही. डॉक्टरांना सांग, गणित सुटलं."

धक्क्याच्या आडोशाबाहेर पडलो आणि लाटा लागल्या. अँब्युलन्सवाल्या बाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हिरवट. मला दादा आठवला. तिने सुकाणू डाव्या हाताने धरलं, काठावरून वाकून ओकली, उजव्या हाताच्या मनगटाने तोंड पुसलं आणि विचारलं, "आता कुठे वळवू?" पुन्हा ओकली. पुन्हा विचारलं. हात एकदाही सुटला नाही. परत आल्यावर धक्क्यावर बसून दोन्ही हातांत डोकं धरून म्हणाली, "परवा माझी सुट्टी आहे. येऊ?"

आत्याने डोलकाठीवरची फळी सोडायला मला सांगितलं. माझ्या मते होडी त्याच क्षणी विकली गेली होती, बाकी सगळं नंतर.

त्या बाईला अजून बरंच शिकायचं होतं, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी येत राहिली. घरी आत्याने दादाला स्वच्छ सांगितलं की गिऱ्हाईक मिळालंय. दादा म्हणाला, "ओकणारी?" त्याला रखवालदाराकडून सगळं कळत असावं. "एक दिवस बुडवेल ती. मी हॉटेलवाल्याला शब्द दिलाय."

"तुझा शब्द होता, तू दिलास. होडी माझी आहे."

मला वाटलं, विषय संपला. दादाच्या मनात तो संपला नव्हता. आत्याला एका सकाळी एक्स-रेसाठी इस्पितळात जायचं होतं. दादाने हॉटेलवाल्याला नेमकी तीच वेळ दिली. होडी उचलून नेली की आत्या चार दिवस आदळआपट करेल आणि मग गप्प बसेल, असा त्याचा हिशोब. चूक एवढीच झाली की त्या सकाळी वारा सुरेख होता. आत्याने खिडकी उघडली, तोंडावर वारा घेतला आणि एक्स-रे पुढे ढकलला. अँब्युलन्सवाल्या बाईला फोन केला, मला उठवलं, आणि आम्ही तिघी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तिथे भलीमोठी क्रेन उभी होती.

क्रेनचे पट्टे होडीच्या शेजारी धक्क्यावर पसरून ठेवलेले. दोन मजूर बिडी ओढत बसलेले. हॉटेलवाला फोनवर. आणि दादा, ऑफिसच्या कपड्यांत, डोलकाठीकडे बघत उभा.

 आत्याने काठी धक्क्यावरच टाकून दिली, आणि अँब्युलन्सवाल्या बाईच्या खांद्याला धरून होडीत उतरली. नव्या खुब्यात तिला दुखलं असणार. तोंडावर काही दिसलं नाही. मागच्या जागेवर बसून तिने कमरेला दोर बांधला.

"दोर सोड," तिने मला सांगितलं.

"बाई!" हॉटेलवाला धावत आला. "व्यवहार झालाय. ही क्रेन मी कामं सोडून आणलीय."

"माझी सही आहे का कुठे?"

"तुमच्या भाच्याने शब्द दिलाय!"

"मग भाच्याला उचलून ने. क्रेन आहेच."

मजूर हसले. मी पुढचा दोर सोडला. दादा पुढे आला, होडीचा कठडा त्याने दोन्ही हातांनी पकडला. मी त्याला इतकं चिडलेलं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"हिच्यासाठीच करणार तू सगळं. कायम हिच्यासाठीच. दर रविवारी मला ठेवून जायचीस. मी खिडकीत बसून वाट बघायचो, माहीत आहे? पाण्यावर काही पांढरं दिसलं की वाटायचं आलीस. वादळ आलं, दोघी बुडालात तर माझं कोण होतं?"

 हॉटेलवाल्याने फोन खाली केला. मला माहीत नव्हतं. मी होडीत असायचे, खिडकीत तो एकटाच असायचा.

आत्याने त्याच्याकडे नीट बघितलं. "माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तू कधी सांगितलं नाहीस. आणि सांगितलं असतंस तरी मी गेले असते. आठवड्याचे सहा दिवस मी शाळेची होते, तुमची होते, तुमच्या तापाची न् दप्तरांची होते. एक दिवस माझा होता. तो मी कुणाकडे मागितला नाही, घेतला. आणि दर रविवारी संध्याकाळी परत आले. आले की नाही?"

दादाने कठड्यावरची पकड आणखी घट्ट केली.

"आले की नाही?"

"आलीस."

"मग सोड आता. आजही येईन."

दादाने कठडा सोडला. म्हणजे त्याने खरं तर ढकललाच, थोडासा, होडी धक्क्यापासून सुटायला लागतो तेवढाच. ते मुद्दाम की रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही. मी शीड वर खेचलं, अँब्युलन्सवाल्या बाईने सुकाणू धरलं, वाऱ्याने शीड भरलं आणि उर्मट धक्क्यावरून पलीकडच्या बंदराकडे निघाली.

मागे हॉटेलवाल्याचा आवाज चढलेला ऐकू येत होता. पुढचं मला रखवालदाराने सांगितलं. हॉटेलवाला म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय. त्यावर दादाने त्याच्या छातीजवळ बोट नेऊन सांगितलं, "तोंड सांभाळून बोला. बाई आहेत तुमच्या." मग क्रेनवाल्याला निघायला सांगितलं.

डोंगराच्या टोकापर्यंत वारा कडेने होता. अँब्युलन्सवाली बाई आता ओकत नव्हती. टोक वळताना वारा एकदम फिरतो, तिथे अनुभवी माणसंही गडबडतात. मी आत्याकडे बघितलं, ती सूचना देईल म्हणून. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. ओठ घट्ट. शीड फडफडलं, होडी एका अंगावर कलली, पाणी कठड्याला टेकलं. अँब्युलन्सवाल्या बाईने शिवी हासडली, सुकाणू सोडलं नाही, दुसऱ्या हाताने शिडाचा दोर सैल केला आणि होडी सरळ झाली. आत्याने तेव्हा कुठे श्वास सोडला. मीही सोडला.

"शिवी द्यायची गरज नव्हती," आत्या म्हणाली. "बाकी बरोबर."

पलीकडच्या बंदरात होडी बांधली. कागद तिथल्याच चहाच्या टपरीवर झाला. किंमत आत्याने सांगितली, बाईने मान डोलावली, घासाघीस नाही. अँब्युलन्सवाली बाई म्हणाली, "बाई, ही तुमचीच समजा. वाटेल तेव्हा या."

"मुळीच नाही," आत्या म्हणाली. "विकली म्हणजे विकली. दिल्या घरी रोज डोकावणाऱ्या आया मला आवडत नाहीत. फक्त एक सांगते. तिला कुणी काही बोललं, तर ऐकून घेऊ नकोस."

मग ती उठली, आणि उठल्यावर लक्षात आलं की काठी नाही. टपरीच्या खांबाला धरून ती उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. होडीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकून चालायला लागली, इतकी जोरात की मलाच धाप लागली. रस्त्याला लागलो तर समोरून दादाची गाडी येत होती. त्याने गाडी थांबवली, उतरला, मागच्या सीटवरून काठी काढून तिच्या हातात दिली.

"ऑफिस?" आत्याने विचारलं.

"रजा टाकली."

"झालं समाधान?"

"नाही," दादा म्हणाला. "बस गाडीत."

घरी जाताना दोघं भांडतच होते, पण खिडक्या उघड्या ठेवून.

त्यानंतर कित्येक आठवडे आत्याने होडीचा विषय काढला नाही. समुद्राच्या बाजूची खिडकीसुद्धा ती उघडेना. दादा म्हणाला, बरं झालं, विसरली.  मग एका दुपारी मी तिला व्यायामाच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. ती दोन दांड्यांमध्ये उभी होती, पाय उचलत होती, आणि व्यायाम शिकवणारा तरुण मोठ्याने आकडे मोजत होता. एवढ्यात तिचा फोन वाजला. मी उचलून तिच्या कानाला लावला. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट मलाही ऐकू आला.

"काय? कुठे आहेस तू?" आत्या ओरडली. "वारा मागून? मग शीड आधी आत ओढ. ओढ म्हणते ना! आता हळूहळू वळव. डोकं खाली घाल, ती आडवी काठी येईल!"

"आजी, इथे फोन चालत नाही," तो तरुण म्हणाला. "आणि तुमचा पाय खाली आला."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," आत्या म्हणाली, "इथे माणूस पाण्यात आहे." आणि दांडी सोडून तिने फोन स्वतःच्या हातात घेतला.